गावाला ग्रामसभा आहे, आमच्या शहराला काय आहे?

आमच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता होऊन चार महिने झाले नव्हते, तोच नळाच्या लाइनसाठी तो कडेने फोडला. चर उघडा होता तेव्हा रस्त्याची कापलेली कड नीट दिसत होती. शेजारचे काका घरातून टेप घेऊन आले. पाच ठिकाणी मोजलं. कुठे चार इंच, कुठे साडेतीन, गटाराच्या बाजूला जेमतेम तीन. खडीचा थर शोधूनही सापडला नाही, खाली सरळ काळी माती.

पुढच्या सोमवारी मी नगरपरिषदेत गेलो. अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगतो: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपले अभिलेख नागरिकांना पाहायला द्यावेत, असा शासन निर्णय २०१८ साली निघाला आहे. बांधकाम विभागातल्या ताईंना तो ठाऊक नव्हता. मी प्रत दाखवली, त्यांनी साहेबांना विचारलं आणि तासाभराने फाइल समोर आली. त्या ताईंबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तीन माणसांचं काम त्या एकट्या ओढतात.

फाइलमध्ये पाहायची गोष्ट एकच, एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. ठेकेदाराचं बिल निघतं ते तिच्यातल्या आकड्यांवर. लांबी, रुंदी, जाडी आणि खाली मोजणाऱ्याची सही. आमच्या रस्त्याच्या पानावर जाडी ०.१५ मीटर, म्हणजे सहा इंच धरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आकडा. सही झालेली, बिल अदा झालेलं. सहातले दोन इंच जमिनीत नाहीत, म्हणजे एक तृतीयांश काँक्रीट आलंच नाही आणि त्याचे पैसे मात्र गेले. ते पान समोर धरून बसलो होतो तेव्हा मला राग नाही आला, लाज वाटली. चार महिने रोज त्याच रस्त्यावरून जात होतो आणि एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

आता विचारायचं कुणाला? आमच्या हद्दीला लागून एक गाव आहे, माझा मावसभाऊ तिथे राहतो. ग्रामसभेत त्याने उभं राहून गटाराच्या कामाचा हिशेब मागितला. सरपंच, ग्रामसेवक समोर बसलेले, सगळं गाव ऐकतंय. उत्तर द्यावंच लागलं. ओढा ओलांडून इकडे आलं की तो हक्क संपतो. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला उभं राहून प्रश्न विचारता येत नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या, म्हणजे प्रभागांचा कारभार जवळून पाहणाऱ्या समित्या, आणल्या खऱ्या, पण त्या बंधनकारक आहेत ३ लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. नगरपरिषदांमधला सगळ्यात मोठा, अ वर्ग, तोच सुरू होतो १ लाखाच्या वर; बाकीच्या त्याहून लहान. म्हणजे आमच्यासारखी शहरं मधल्या मध्ये राहिली. ग्रामसभा गेली आणि प्रभाग समिती आलीच नाही.

त्यात मधली काही वर्षं तर नगरसेवकही नव्हते. मुदती संपल्या, आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. तोवर कारभार शासनाने नेमलेल्या प्रशासकाकडे. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव ठेवणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. माणूस कितीही सचोटीचा असला तरी ही व्यवस्था चुकीचीच आहे.

आता सभागृह पुन्हा भरलंय. आमच्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांकडे माझी एकच मागणी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ प्रभागात बसा. चालू कामांची यादी आणा, एम.बी.च्या पानांच्या झेरॉक्स भिंतीवर लावा, लोकांना विचारू द्या. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. लोक म्हणतात, अशा सभांत भांडणंच होतात. होऊ देत. ग्रामसभेतही होतात, पण हिशेब सगळ्यांसमोर येतो. कामाच्या फलकावर कुणाच्या प्रयत्नातून निधी आला हे मोठ्या अक्षरांत असतं. तो निधी तुमच्याआमच्या कराचाच असतो. त्या फलकावर जाडी किती, ठेकेदार कोण आणि किती वर्षांत रस्ता उखडला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून देणार, हे लिहा.

माझ्यापुरतं म्हणाल तर १० रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय. २००५ च्या या कायद्यात कागदपत्रं मागण्याइतकाच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. मी रस्त्याचा नमुना मागितलाय. ठेकेदाराची सुरक्षा ठेव, म्हणजे कामाच्या हमीपोटी नगरपरिषदेकडे असलेली त्याची रक्कम, तपासणी होईपर्यंत परत करू नये, असं वेगळं पत्रही दिलंय. दोन्हीची पोच माझ्याकडे आहे.

मागच्या गल्लीत पुढच्या आठवड्यात शटरिंग, म्हणजे काँक्रीट अडवायच्या कडेच्या फळ्या, लागणार आहे. फळी जेवढी उंच, तेवढीच काँक्रीटची जाडी. काँक्रीट पडायच्या आदल्या संध्याकाळी काका, मी आणि आणखी एक जण टेप घेऊन तिथे असू. त्या गल्लीतल्या लोकांनी पाच मिनिटं बाहेर या. फळीची उंची तुम्हीच मोजा, आम्ही लिहून घेतो.