शॉकला ‘शेवटचा उपाय’ कुणी ठरवलं?

“गोळ्या द्या, इंजेक्शनं द्या, पण शॉक नको.” घरात कुणाला तीव्र मानसिक आजार झाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा काळजीपोटीच बोलतो, पण त्या काळजीने पेशंटचे किती हाल होतात ते जवळून पाहिलंय, म्हणून लिहितेय.

माझ्या मावशीला डिप्रेशन आलं होतं. आतडी कुजलीत, खाल्लेलं जाणार कुठे, असं तिच्या मनाने घेतलं. तासन् तास समजावलं तरी ढिम्म. जेवण सुटलं, मग पाणीही. डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा शॉक देण्याची उपचारपद्धत, सुचवली आणि घरात जणू सभाच भरली. सिनेमातले शॉक सगळ्यांनी पाहिलेले! ठरलं काय, तर आधी गोळ्यांना वेळ देऊ. आता या गोळ्यांचा नीट गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पाणी न पिणाऱ्या माणसाने तेवढे दिवस काढायचे कसे, हे कुणीच विचारलं नाही. ती सलाईनवर गेली तेव्हा कुठे होकार आला.

सिनेमातलं दृश्य एके काळी खरं होतं. 1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा भूल देत नसत, झटक्यांनी हाडंही मोडायची. आता पेशंटला उपाशीपोटी नेतात, शिरेतून भूल देतात, मग स्नायू सैल करणारं औषध. दातांमध्ये ब्लॉक, नाकातोंडावर ऑक्सिजन. वीज काही सेकंदच. तिने मेंदूत फिट येते, साधारण अर्धा-एक मिनिट, आणि गुण येतो तो त्या फिटने. अंग जवळपास हलत नाही, मग फिट आली हे कळतं कसं? भूलतज्ज्ञांनी सांगितलं, की औषध देण्याआधी एका घोट्याच्या वर बीपीचा पट्टा आवळतात. त्या पावलात औषध पोचत नाही, त्यामुळे तिथली बोटं थरथरताना दिसतात. मेंदूतल्या विजेच्या हालचाली टिपणारा ईईजीचा आलेख असतोच, पण मला ही पट्ट्याची युक्ती फार आवडली.

कोर्स साधारण 6 ते 12 वेळांचा, आठवड्यातून दोन-तीनदा. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर मावशीने आपणहून पाणी मागितलं.

सगळ्यांना एवढा गुण येतो असं नाही, आणि साध्या उदासीसाठी कुणी शॉक देतही नाही. पण भ्रमांसकट आलेलं डिप्रेशन, कॅटाटोनियात दगडासारखा थिजलेला पेशंट, आत्महत्येचा टोकाचा धोका, अन्नपाणी तोडणं, अशा वेळी ईसीटी यादीत वर हवी. जिवाच्या धोक्याचं म्हणाल, तर लाखभर खेपांमागे दोनेक मृत्यू, म्हणजे भुलेचाच जेवढा धोका तेवढाच जवळपास.

विसरण्याबद्दल मात्र डॉक्टरमंडळींवर माझा राग आहे. “थोडं विसरायला होईल, येईल परत” एवढ्यावर आमची बोळवण झाली. उपचारांच्या आसपासचे दिवस पुसट होतात, काहींच्या त्याआधीच्या आठवणीही जातात आणि सगळ्या परत येत नाहीत. आजारपणाच्या थोडं आधी झालेल्या लग्नाचे फोटो मावशी आजही परक्यासारखे बघते. इलेक्ट्रोड उजव्या बाजूलाच लावले, विजेचे स्पंद अगदी छोटे ठेवले तर हे नुकसान कमी होतं, पण काही वेळा गुणही जरा उशिरा येतो. हा व्यवहार आम्हाला आधी सांगितला असता तरी आम्ही हो म्हणालो असतो. लपवलं की लोक शॉकवर विश्वास ठेवणार कसे?

आणि कोर्स संपला की सुटलो, असंही नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ईसीटीने बरं झाल्यावर औषध नसलेली नुसती खोटी गोळी मिळालेल्यांपैकी 84 टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. नॉरट्रिप्टिलीन हे डिप्रेशनचं औषध आणि मूड स्थिर ठेवणारं लिथियम, दोन्ही घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. तेव्हा डॉक्टरांनी शॉक सुचवला तर दारातूनच परत फिरू नका. इलेक्ट्रोड एका बाजूला लावणार की दोन्ही, स्मरणशक्ती आधी आणि नंतर तपासणार का, कोर्सनंतर कोणती औषधं, हे विचारा. उत्तरं टाळली तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पण त्यात आठवडे घालवू नका.