‘लहान मुलांना कुठली अर्धशिशी?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा वहिनीचा फोन आला. "अगं, सहा वर्षांच्या पोराला ॲस्पिरिनची अर्धी गोळी चालेल ना? मेसेजमध्ये तसंच लिहिलंय." गोळी फोडून वाटीत, साखरेच्या पाण्यात विरघळत ठेवलेली होती. मी फोनवरच ओरडले, आधी ते पाणी ओतून दे.

मग तो मेसेज मागवून घेतला. सोसायटीचा ग्रुप, वहिनीच्या माहेरचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, सगळीकडे फिरलाय. म्हणे दहा वर्षांखाली अर्धशिशी होतच नाही, ती शाळा बुडवायची नाटकं. तरी डोकं दुखलंच तर ते पित्त, मिठाचं पाणी पाजून ओकायला लावा. मग अर्धी ॲस्पिरिन द्या, शंभर वर्षांची जुनी आणि निर्धोक. चष्मा लावा, मोबाइल काढून घ्या. आणि सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घाला.

गोळीपासूनच सुरुवात करते, कारण तिने जीव जाऊ शकतो.

फ्लू किंवा कांजिण्यांसारखा आजार अंगात असताना मुलाला ॲस्पिरिन दिली तर राय सिंड्रोम होऊ शकतो. मेंदूला सूज येते, यकृत बिघडतं. ऑस्ट्रेलियातले डॉ. डग्लस राय यांनी १९६३ मध्ये त्याचं वर्णन केलं. अमेरिकेत एकट्या १९८० साली ५५५ रुग्णांची नोंद झाली. पालकांना ॲस्पिरिनबद्दल सावध केलं गेलं आणि १९८७ नंतरच्या दहा वर्षांत हा आकडा एकाही वर्षी ३६ च्या वर गेला नाही. ब्रिटनने १९८६ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही गोळी थांबवली आणि २००२ मध्ये ती मर्यादा १६ वर्षांपर्यंत नेली.

"पण त्याला कुठे फ्लू होता?" वहिनीने विचारलं. ते सकाळी सात वाजता कसं कळणार? ताप चढायच्या आधी नुसतं डोकंच दुखतं कितीदा तरी. शिवाय राय सिंड्रोमची सुरुवात होते ती न थांबणाऱ्या उलट्या आणि गुंगीने. आईला वाटणार अर्धशिशीच आहे, झोपू दे. आजार दुर्मीळ आहे, मान्य. पण डॉक्टरांनी वजनावरून मोजून दिलेलं पॅरासिटामॉल असताना हा धोका घ्यायचाच कशाला? आजोबांच्या हृदयाच्या औषधांच्या डब्यातही ॲस्पिरिन असते, तो डबा वर ठेवा. (काही मुलांना कावासाकीसारख्या, रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारात डॉक्टर स्वतः ॲस्पिरिन देतात. ती मनाने बंद करू नका.)

मिठाचं पाणीही तितकंच वाईट. लहान मुलाच्या रक्तात मीठ एकदम वाढलं तर झटके येऊ शकतात. पित्ताची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. उलटी झाली की पुष्कळ मुलांचं डोकं उतरतं, झोप लागते. म्हणून आपल्या आज्या म्हणायच्या, पित्त पडलं, आता बरं वाटेल. पण उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे. पोट रिकामं असलं की पिवळं-हिरवं पाणी पडणारच.

आता ‘नाटकं’. स्वीडनमधल्या उप्साला शहरात बिले नावाच्या डॉक्टरांनी जवळपास ९ हजार शाळकरी मुलं तपासली आणि १९६२ मध्ये निष्कर्ष मांडले. सात वर्षांच्या मुलांत शंभरात एकाहून थोड्या जास्त जणांना अर्धशिशी होती, पंधराव्या वर्षापर्यंत ते प्रमाण पाचाच्या पुढे गेलं. साठ वर्षांपूर्वीची माहिती आहे ही, आणि आपण अजून नाटकं म्हणतोय!

असं का वाटतं तेही सांगते. मोठ्यांचं डोकं एका बाजूने ठणकतं, चार तास ते तीन दिवस. लहान मुलांचं बहुधा कपाळभर दुखतं आणि दोन तासांतही थांबतं. आठला शाळा बुडाली, अकराला पोरगा क्रिकेट खेळतोय, मग घरातले म्हणणारच की सोंग होतं. आमचा भाचा खेळता खेळता गप्प होतो, चेहरा पांढरा पडतो, आणि पलंगाखाली अंधारात जाऊन पडतो. कुकरची शिट्टी झाली की कान दाबतो. डोकं दुखतं असं तो म्हणतच नाही, पोट दुखतं म्हणतो. काही मुलांत तर फक्त पोटच दुखतं.

अशा मुलाला चित्र काढायला सांगा. २००२ मध्ये अमेरिकेत २२६ मुलांकडून त्यांच्या डोकेदुखीचं चित्र काढून घेतलं होतं, आणि नुसत्या चित्रावरून बांधलेला अर्धशिशीचा अंदाज दहापैकी जवळजवळ नऊ वेळा डॉक्टरांच्या निदानाशी जुळला. आमच्या पोराने डोक्यावर हातोडी काढली आणि सूर्यावर काळा खडू फिरवला.

चष्म्याबद्दल एवढंच, की नंबर जरूर तपासा, पण उलट्या होऊन अंधार शोधायला लावणारं डोकं नंबरामुळे सहसा दुखत नाही. जागरण, उपाशी पोट, कमी पाणी यांनी अर्धशिशी उठते हे खरं. दूध-जिलेबीने कुणाला बरं वाटलं असेल तर ते सकाळी वेळेवर पोटात काही गेलं म्हणून. पोळी-दुधानेही तेच होईल.

डोकेदुखी वारंवार होत असेल तर वहीत तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, काय खाल्लं, किती वेळ दुखलं ते लिहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पण मूल डोकेदुखीने झोपेतून उठत असेल, रोज सकाळी उलट्या होत असतील, तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल, तर वही भरत बसू नका, लगेच न्या. ताप येऊन मान आखडली, झटका आला, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं, तर थेट हॉस्पिटलात.

वहिनीने शुक्रवारची वेळ घेतली आहे. वही नवीन आहे, तिच्यात दोनच तारखा आहेत. हातोडीचं चित्र तिने त्याच वहीत घालून ठेवलंय.