नैवेद्याची वाटी आणि डॅटसन

रविवारी जुन्या बाजारात गेलो की मी रिकाम्या हातानं परतत नाही, ही आईची कायमची तक्रार. या वेळी डॅटसन २४०झेड या मोटारीची छोटी प्रतिकृती घरी जोडायचा किट घेऊन आलो. १:२४ माप, म्हणजे पुरी झाल्यावर वीतभर गाडी. लाल अंग, काळं बॉनेट. असल्याच खऱ्या गाडीतून शेखर मेहतांनी आफ्रिकेतली १९७३ ची सफारी रॅली जिंकली होती.

डबा कुणाच्या तरी माळ्यावर इतकी वर्षं पडलेला, की आतला डिकॅलचा, म्हणजे पाण्यात सोडवून गाडीवर चिकटवायच्या चित्रांचा, कागद हळदीत बुडवल्यासारखा पिवळा. विकणाऱ्यानं त्यापायी पन्नास रुपये कमी केले आणि मला मनातून गुदगुल्या झाल्या. एरवी लोक असे डिकॅल खिडकीच्या काचेला चिकटवून आठवडेच्या आठवडे उन्हात पांढरे करतात. मला आफ्रिकेचा चिखल तुडवून आलेली गाडी हवी होती. जुनेपणा आयता मिळाला!

दारावरचा आकडा कोमट पाण्यात सोडला, अर्ध्या मिनिटानं ब्रशनं सरकवला. बाकरवडी फुटावी तसा फुटला. अकरा तुकडे. चिमट्यानं ते वेचत बसलो.

"माशी पडली का रे?" आई.

"नाही, नंबर."

"ती नैवेद्याची वाटी आहे."

मग शहाणपण आलं. जुन्या डिकॅलवर आधी पारदर्शक लॅकरचा फवारा मारायचा, नीट वाळू द्यायचा, मगच पाण्यात. आता सगळ्या कागदावर एकच पापुद्रा झालेला, म्हणून प्रत्येक चित्र काठाला लागून कापायचं. फवारा गॅलरीत मारला. शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, "रंगकाम काढलंय? सोसायटीला कळवलंत?"

तीन रविवार गेले. डिकॅल बसले, खडूची तपकिरी भुकटी चोळली, कडा पॉलिश पेपरनं झिजवल्या. आईला दाखवली.

"खाली तुझी स्कूटर आहे अठरा वर्षांची. स्टिकर फुटलेले, चिखल खराखुरा. तिला रंग द्यायला मात्र परवा अडीच हजार मोजतोस!"

बोलायला जागाच नव्हती. भिंग घेऊन खाली गेलो आणि स्कूटरपाशी उकिडवा बसलो. भिंतीकडचा स्टिकर जवळजवळ धड. दुपारचं ऊन येतं त्या बाजूचा विटलेला, कडांनी वळलेला. माझी डॅटसन दोन्हीकडून सारखीच झिजलेली! एवढं साधं सुचू नये?

"काही हरवलं का?" वरून काका.

जिना चढता चढताच ओरडलो, "आई, वाटी घासली नसशील तर राहू दे."