ऑलिंपिकची वर्तुळं खंडांना वाटून देऊ नका

निळं युरोपचं, पिवळं आशियाचं, काळं आफ्रिकेचं, हिरवं ऑस्ट्रेलियाचं, लाल अमेरिकेचं. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की आमच्या गुहागरकडची मुलं हे पाढ्यासारखं घोकतात. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही तेच. हे खरं नाही, आणि मला ते फार खटकतं.

हे चिन्ह आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबर्तँ यांनी 1913 मध्ये काढलं. पाच वर्तुळं म्हणजे पाच खंड, इथपर्यंत बरोबर. पण अमुक रंग अमुक खंडाचा, असं त्यांनी ठरवलंच नव्हतं. हे पाच रंग आणि मागचा पांढरा घेतला की तेव्हा ऑलिंपिकमध्ये असलेल्या सगळ्या देशांचे झेंडे रंगवता येत होते. रंगांची खंडांना वाटणी पूर्वी ऑलिंपिकच्या अधिकृत पुस्तिकेतही होती. कुबर्तँ यांच्या मनात तसं असल्याचा पुरावा मिळेना, म्हणून 1951 मध्ये तीही काढून टाकली. आपण मात्र अजून शिकवतोय. आणि काय शिकवतोय? आफ्रिका काळी, आशिया पिवळी! माणसांची कातडीवरून विभागणी करायची ही जुनी खोड नकळत पोरांच्या डोक्यात जाते.

आमच्याकडे एका शाळेच्या चिऱ्याच्या कुंपणावर ही वर्तुळं आहेत. पावसाळ्यात शेवाळ धरतं, दिवाळीनंतर गुरुजी हौसेने पुन्हा रंगवतात. प्रत्येकाखाली खंडाचं नाव. वर्तुळं मात्र नुसती शेजारी शेजारी, एकमेकांत अडकलेली नाहीत. खरं तर हे एकमेकांत अडकणं हीच या चिन्हातली मुख्य गोष्ट! पिवळं निळ्यातही ओवलंय आणि काळ्यातही. प्रत्येक जोडी दोन ठिकाणी छेदते, एकीकडे हे वर, दुसरीकडे ते.

या वर्तुळांचा ध्वज स्पर्धेत पहिल्यांदा फडकला 1920 मध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्पला. महायुद्धामुळे 1916 ची स्पर्धाच झाली नव्हती. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने भारताचा संघही तिथे होता, बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तिरंगा तेव्हा कुठला! तो 22 जुलै 1947 ला स्वीकारला गेला. म्हणून एखाद्या पोराने विचारलं, 'यात आपला केशरी कुठाय?', तर त्याला गप्प करू नका. हा सगळा इतिहास सांगा.

गुरुजी, बाई, एवढीच विनंती: यंदा रंग काढाल तेव्हा खालची नावं पुसा, आणि वर्तुळं एकमेकांत ओवून काढा.