हर्मिट क्रॅब ‘चार-सहा महिनेच’ जगत नाही, बरणी त्याला तेवढंच जगू देते

सुट्टी लागली की सोसायटीच्या ग्रुपवर हर्मिट क्रॅबबद्दल, म्हणजे रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्याबद्दल, हा मेसेज येतोच: ‘मुलांसाठी सर्वांत सोपा प्राणी, हर्मिट क्रॅब! बरणीत मूठभर वाळू, ओला स्पंज, चिमूटभर मिठाचं पाणी. मुंबईची हवा दमटच असते, वेगळं काही लागत नाही. वाळूत लपला तर उकरून काढा. चौपाटीवरचा आणला तरी चालतो. चार-सहा महिने जगतो.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका त्याच्याआड लपतात. जमिनीवर राहणारे हर्मिट क्रॅब नीट ठेवले तर दहा-वीस वर्षं जगतात, तिशी गाठल्याचीही उदाहरणं आहेत. चार महिन्यांत जातो तो म्हातारा होऊन जात नाही. त्याचे कल्ले हवेतूनच प्राणवायू घेतात, पण ओलसर असतील तरच. हवा कोरडी पडली की ते सुकतात आणि खेकडा आठवडेच्या आठवडे गुदमरत राहतो. आपल्याला दिसतं एवढंच, की हल्ली तो फारसा हलत नाही. घरचे म्हणतात, भरलं त्याचं आयुष्य. मला हे फार लागतं.

मुंबईची हवा दमट? जुलैत, हो. त्याला बारा महिने ७५ ते ८५ टक्के आर्द्रता आणि २४ ते २९ अंश तापमान लागतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी इथेही आर्द्रता बऱ्याचदा पन्नाशीखाली जाते. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत तर पावसाळ्यातही ती टिकत नाही. म्हणून उघडी बरणी नको, जाळीचा पिंजरा नको. दोन-तीन लहान खेकड्यांसाठी निदान ४० लिटरची, काचेचं झाकण असलेली फिश टँक घ्या आणि आत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा. स्पंजाने हे काम होत नाही, त्याला बुरशी तेवढी लागते.

‘मूठभर वाळू’ आणि ‘उकरून काढा’ या दोन सल्ल्यांनी सर्वांत जास्त जीव जातात. हर्मिट क्रॅब कात टाकायला वाळूत पुरून घेतो. तिथे आठवडे, मोठा असेल तर महिने राहतो. जुनं कवच सोडतो, नवं मऊ कवच कडक होईपर्यंत हलत नाही, आणि टाकलेली कातच खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. त्या दिवसांत त्याला उकरणं म्हणजे बहुतेकदा मारणंच. पाच भाग वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), किल्ला करता येईल इतपत ओलं करून, किमान १५ सेंटीमीटर खोल भरा. खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. महिनाभर दिसला नाही तरी हात लावू नका. मेला असेल तर सडक्या मासळीचा वास लपत नाही.

पाण्याचे वाडगे दोन लागतात, एक गोड्या आणि एक खाऱ्या पाण्याचा. शंखासकट बुडता येईल इतके खोल, आणि चढून यायला आत दगड. नळाच्या पाण्यात फिश टँकवाल्यांकडचं अँटीक्लोरीन घाला. खाऱ्या पाण्याला समुद्री माशांच्या टँकसाठी मिळणारं मरीन सॉल्टच हवं, स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. रंगवलेले शंख मुलांना आवडतात, पण रंगाचे निघालेले पापुद्रे खेकडा खातो. त्याऐवजी गोल तोंडाचे, थोडे मोठे, साधे शंख प्रत्येकासाठी तीन-चार तरी ठेवा.

चौपाटीवरचा तर मुळीच आणू नका. हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडकांत ओहोटीला दिसतात ते समुद्री जातीचे, समुद्राच्या पाण्यातच श्वास घेणारे. कोरड्या बरणीत ते टिकतच नाहीत. मुलांना ओहोटीची वेळ बघून तिथेच न्या, आणि रिकामे शंखही उचलू नका, ती कुणाची तरी पुढची घरं आहेत.

बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे किनाऱ्यांवरून पकडलेलेच असतात, कारण त्यांची पिल्लं समुद्रात वाढतात आणि टाकीत ती वाढवणं फार अवघड आहे. म्हणून नवा विकत घेऊ नका असंच मी सांगेन. ज्यांच्या घरी आधीच बरणीत आहे त्यांनी आजच झाकणाची टाकी बघावी, उद्या वाळू भरावी. त्याला चौपाटीवर नेऊन सोडू मात्र नका. तो कुठल्या किनाऱ्यावरून आणलाय हे आपल्याला ठाऊक नसतं.