ट्रेनरला पैसे विचारण्याआधी हे विचारा

सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी टाकतंच, "चांगला डॉग ट्रेनर सुचवा." लगेच चार नंबर येतात आणि चर्चा घसरते फीवर. फीचं नंतर बघू. फोनवर आधी विचारा, "कुत्रा चुकला की तुम्ही नक्की काय करता?"

"थोडं करेक्शन द्यावं लागतं" हे उत्तर चालवून घेऊ नका. करेक्शन म्हणजे काय, ते वदवून घ्या. पट्ट्याला हिसका? चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी? गळ्यात करंटचा पट्टा? आणि "आधी त्याला बॉस कोण ते कळलं पाहिजे" असं ऐकू आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. ही बॉसगिरी आली 1947 मधल्या रूडॉल्फ शेंकेल यांच्या अभ्यासातून, आणि तो होता प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा. 1970 च्या पुस्तकातून ती कल्पना लोकप्रिय करणाऱ्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. आपले ट्रेनर मात्र अजून 1970 मध्येच आहेत.

मारून गुरगुरणं थांबतं, हे खरं. भीती तशीच राहते. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, ती मारून बंद केली की पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावतो, आणि घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावला!"

"महिनाभर आमच्याकडे ठेवा, शिकवून देतो" हेही नको. तिथे काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही. शिवाय कुत्रा शिकतो ते त्या जागी, त्या माणसाकडे. चांगला ट्रेनर कुत्र्यापेक्षा तुम्हालाच जास्त शिकवतो.

पहिल्या सेशनला ट्रेनरकडे नाही, कुत्र्याकडे बघा. शेपूट पायात, झोप नसताना जांभया, सारखी ओठांवरून जीभ, तोंड वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, आवडता खाऊही न घेणं, ही सगळी घाबरल्याची लक्षणं. "बघा, कसा शांत बसलाय" म्हणतात तो पुष्कळदा घाबरून गोठलेला असतो.

आता पट्टा ओढण्याचं घ्या, कारण निम्मे लोक ट्रेनर शोधतात ते त्यासाठीच. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा घ्या. आपोआप लांबणारा नको, तो सतत ताणलेलाच असतो. सुरुवात घरातल्या पॅसेजमध्ये. पट्टा सैल असताना "हं!" म्हणा आणि सेकंदाभरात खाऊ द्या, तोही तुमच्या मांडीच्या शिवणीजवळ. पुढे हात करून दिलात तर तो पुढेच धावायला शिकेल. पट्टा ताणला की झाडासारखे उभे राहा. हिसका नाही, ओरडणं नाही. तो वळून बघेल, पट्टा सैल पडेल, त्या क्षणी चाला. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पॅसेजमध्ये जमलं की पार्किंग, मग रस्ता. लोक पहिल्याच दिवशी थेट रस्त्यावर जातात आणि तिथेच फसतं.

खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा: उकडलेलं चिकन किंवा पनीर, मीठ-मसाला न घालता. चहातलं बिस्किट नको, ते चावण्यातच वेळ जातो. दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, आणि तेवढं जेवणातून कमी करा. द्राक्षं, बेदाणे, कांदा-लसूण अजिबात नाही.

आणि घरात एकच नियम. तुम्ही थांबताय आणि संध्याकाळी आजोबा "जाऊ दे रे त्याला" म्हणत ओढू देतायत, तर ओढणं सुटायच्या ऐवजी पक्कं होतं. कधीमधी लागणारी लॉटरी माणूसही सोडत नाही.

एक राहिलंच. शांत कुत्रा अचानक चावरा झाला तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्य. कान ठणकत असेल, दात किंवा कंबर दुखत असेल, तर त्यावर "सिट" हा उपाय नाही.