पेन्शनरांचा डीए बंद झालेला नाही. बदललंय ते वेगळंच

२०२५ च्या उत्तरार्धात पेन्शनरांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मेसेज धडाक्यात फिरला. मजकूर दोन ओळींचा: "वित्त कायदा २०२५ लागू झाला. यापुढे निवृत्त कर्मचाऱ्यांना महागाई भत्त्याची वाढ आणि वेतन आयोगाचे लाभ मिळणार नाहीत." नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा ठरवला, तरी त्याचं फिरणं थांबलं नाही. उलट त्याला शेपट्या फुटल्या: कोर्टाची दारं बंद झाली, नियम ३७ खाली कुणाचीही पेन्शन जप्त होऊ शकते, आणि हे सगळं राज्य सरकार, जिल्हा परिषद, एसटी, बँका अशा सगळ्यांना लागू आहे.

नुसतं 'फेक आहे' म्हणून मेसेज डिलीट केल्याने काम भागत नाही. त्यात नाव घेतलेला वित्त कायदा खरा आहे आणि पेन्शन नियमातली दुरुस्तीही खरी आहे. त्या दोन्हींत लिहिलंय मात्र दुसरंच.

"महागाई भत्त्याची वाढ बंद"

हे तारखांवरच निकालात निघतं. वित्त विधेयक लोकसभेत २५ मार्च २०२५ ला, राज्यसभेत २७ मार्चला मंजूर झालं आणि २९ मार्चला राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा झाला. त्यानंतर सहा महिन्यांनी, १ ऑक्टोबर २०२५ ला, केंद्रीय मंत्रिमंडळाने नोकरीतल्यांचा महागाई भत्ता आणि पेन्शनरांचा महागाई दिलासा (डीआर) एकाच निर्णयात ५५ वरून ५८ टक्के केला, १ जुलैपासून. कायद्याने वाढ बंद केली असती तर ती कायद्यानंतर मिळाली कशी?

डीआरचा दर कुणाच्या मर्जीने ठरत नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची (आधारवर्ष २०१६) बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, तिला २.८८ ने गुणायचं, त्यातून २६१.४२ वजा करायचे, उरेल त्याला २६१.४२ ने भागून शंभराने गुणायचं. जुलै २०२४ ते जून २०२५ ची सरासरी १४३.६ होती. गणित ५८.२ वर येतं. अपूर्णांक सोडला की ५८. नोकरीतल्या माणसाला आणि पेन्शनरला सूत्र एकच.

तुमच्या खात्यात वाढ नीट आली का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. समजा मूळ पेन्शन ५१,४०० आहे. ५५ टक्क्यांनी डीआर २८,२७०, ५८ टक्क्यांनी २९,८१२. फरक महिन्याला १,५४२; जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून थकबाकी ४,६२६. आकडा जुळत नसेल तर बहुतेक वेळा घोळ एकाच ठिकाणी असतो. कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे) घेतलेलं असलं तरी डीआर पूर्ण मूळ पेन्शनवर काढायचा असतो, कापून उरलेल्या रकमेवर नाही. वरच्या उदाहरणात ४० टक्के कम्युट केले असतील तर हातात मूळ पेन्शनपैकी ३०,८४० येतात. त्यावर ५८ टक्के काढले तर १७,८८८ होतात, म्हणजे दरमहा जवळपास बारा हजारांचा खड्डा. बँकेच्या पेन्शन स्लिपवर मूळ पेन्शन, कम्युटेशनची कपात आणि डीआर या तीन ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. रुपयाचा अपूर्णांक आला तर तो पुढच्या रुपयात धरायचा असतो, मागच्या नाही.

दुसरी नेहमीची चूक ऐंशी वर्षांची. ८० पूर्ण होताच २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के अतिरिक्त पेन्शन मिळते, आणि त्यावरही डीआर चढतो. जुन्या पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) जन्मतारीख नसेल, विशेषतः कुटुंब पेन्शन घेणाऱ्या पत्नीची, तर बँकेची यंत्रणा ही वाढ लावतच नाही. कायद्याला दोष देण्याआधी पीपीओ उघडून बघा.

आता मेसेजच्या बाजूने एक गोष्ट. डीआर थांबू शकत नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक. एप्रिल २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठवले गेले. दर १७ टक्क्यांवर थांबला तो जुलै २०२१ मध्ये एकदम २८ झाला, आणि मधल्या दीड वर्षाची थकबाकी कुणालाच मिळाली नाही. त्यासाठी वित्त कायदा लागला नव्हता, अर्थखात्याचा एक आदेश पुरला.

"वेतन आयोगाचे लाभ बंद"

इथे मात्र थांबून वाचायला हवं. वित्त कायदा २०२५ च्या शेवटी केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांना वैधता देणारा भाग जोडला आहे आणि तो १ जून १९७२ पासून लागू मानला आहे. त्याचा गाभा असा: स्वीकारलेल्या वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार पेन्शनरांचं वर्गीकरण करण्याचा, त्यांच्यात निवृत्तीच्या तारखेवरून फरक करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि तो आधीपासून होता असं समजावं. लाभ बंद, असं कुठेही म्हटलेलं नाही. अमुक तारखेआधी निवृत्त झालेल्याला कमी आणि नंतरच्याला जास्त दिलं तर ते वैध, असं म्हटलंय.

हे कशासाठी लागलं? १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नाकारा खटल्यात ३१ मार्च १९७९ ही कटऑफ तारीख मोडीत काढली आणि उदार पेन्शन सूत्र आधी निवृत्त झालेल्यांनाही लागू केलं. पेन्शनर दिन त्याच तारखेला पाळतात. त्या निकालाच्या जोरावर पुढची चाळीस वर्षं भांडणं लढली गेली.

त्यातलं सहाव्या वेतन आयोगाचं भांडण आकड्यांत बघा. १८,४००–२२,४०० या जुन्या श्रेणीतून २००६ आधी निवृत्त झालेल्यांची पेन्शन, नव्या रचनेतल्या त्यांच्या श्रेणीच्या किमान वेतनाच्या निम्मी हवी होती: ४४,७०० अधिक ग्रेड पे (दर्जानुसार मिळणारी ठरावीक रक्कम) १०,०००, म्हणजे ५४,७००, निम्मे २७,३५०. ऑक्टोबर २००८ च्या एका 'स्पष्टीकरणा'ने श्रेणीऐवजी पूर्ण पे बँडचं (अनेक श्रेणी एकत्र केलेल्या पट्ट्याचं) किमान धरलं: ३७,४०० अधिक १०,०००, निम्मे २३,७००. एका शब्दाच्या वाचनाने दरमहा ३,६५० गेले, वर डीआर वेगळा. कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), दिल्ली उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा प्रवास करून पेन्शनर जिंकले आणि जुलै २०१५ मध्ये सरकारला १ जानेवारी २००६ पासूनचा फरक द्यावा लागला. त्याच्या वरच्या एस-३० श्रेणीच्या पेन्शनरांनी मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अशीच लढाई जिंकली. वर्षभरात हा कायदा आला. योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही.

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितलं की हे जुन्याच धोरणाचं वैधीकरण आहे, सध्याच्या नागरी पेन्शनमध्ये बदल होत नाही आणि संरक्षण पेन्शनला धक्का नाही. सध्याच्या पेन्शनपुरतं ते खरं आहे. सातव्या आयोगात २०१६ पूर्वीच्यांना दोन पद्धती मिळाल्या: जुनी मूळ पेन्शन गुणिले २.५७, किंवा निवृत्तीवेळचं वेतन प्रत्येक आयोगातून काल्पनिकरीत्या पुढे आणून त्याचा निम्मा. जास्त असेल ते. सुरुवातीच्या उदाहरणातले ५१,४०० हे २० हजारांच्या जुन्या मूळ पेन्शनचे पहिल्या पद्धतीने झालेले. मे २०१७ चा दुसऱ्या पद्धतीचा आदेश कायम आहे, तो कुणी मागे घेतलेला नाही.

प्रश्न आठव्या आयोगाचा आहे. न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाची कार्यकक्षा ३ नोव्हेंबर २०२५ ला अधिसूचित झाली, मुदत १८ महिने. सातव्या आयोगाच्या कार्यकक्षेत 'शिफारशी लागू होण्याआधी निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनचं पुनर्निर्धारण' हे शब्द स्पष्ट होते. आठव्याच्या कक्षेत ते नाहीत, आणि बिनअंशदायी (कर्मचाऱ्याचा वाटा नसलेल्या) पेन्शनच्या विनातरतूद खर्चाचं भान ठेवा अशी सूचना मात्र आहे. डिसेंबरात सरकारने संसदेत सांगितलं की आयोग वेतन, भत्ते आणि पेन्शन या सगळ्यांवर शिफारशी करेल. म्हणजे पेन्शनर बाहेर नाहीत. पण जुने आणि नवे यांना एकाच मापाने मोजलं जाईल याची हमी आजच्या कुठल्याही कागदावर नाही, आणि नाही मोजलं तर सरकारच्या हातात आता कायदा आहे. संघटनांनी जोर लावायचा तो इथे, 'डीए बंद'च्या अफवेवर नाही.

"कोर्टात जाता येणार नाही"

चूक. पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सांगितलं, ते कायम आहे. सेवेची वर्षं चुकीची मोजली, पेन्शन रखडवली, विनाकारण वसुली काढली, तर कॅटचा मार्ग पूर्वीसारखाच खुला आहे. अवघड झाली ती समानतेची मागणी: 'माझ्यानंतर निवृत्त झालेल्याइतकंच मला द्या'. तिथेही संसदेचा कायदा घटनेच्या कलम १४ वर तपासण्याचा न्यायालयांचा अधिकार जात नाही. फक्त आता आदेशाऐवजी कायद्यालाच आव्हान द्यावं लागेल, आणि ते जड काम आहे.

"नियम ३७ मुळे कुणाचीही पेन्शन जप्त"

२०२१ च्या नियमांतला नियम ३७ हा सरकारी खात्याचं सार्वजनिक उपक्रमात रूपांतर झाल्यावर तिथे सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, बाकी कुणासाठी नाही. दूरसंचार खात्यातून १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएलमध्ये गेलेले हे ठळक उदाहरण. आधी अशा माणसाला उपक्रमाने बडतर्फ केलं तरी सरकारी सेवेच्या काळाचे लाभ जात नसत. मे २०२५ च्या दुरुस्तीनंतर, सामावल्यानंतरच्या गैरवर्तनासाठी बडतर्फी किंवा सेवेतून काढणं झालं तर सरकारी सेवेचे निवृत्तिलाभही जप्त होतात. उपक्रमाच्या त्या निर्णयाचा फेरविचार संबंधित मंत्रालय करतं; म्हणून अशा प्रसंगी कागदपत्रं मंत्रालयापर्यंत गेली का, याचा पाठपुरावा स्वतःच करायचा.

नियत वयाला निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाला यातलं काहीच लागू नाही. सावध राहायचं ते आयुध निर्माणीतल्यांनी. १ ऑक्टोबर २०२१ ला निर्माणी सात कंपन्यांत वाटल्या गेल्या, त्यात खडकीची म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरची यंत्र इंडिया आहे. कर्मचारी तिथे मानीव प्रतिनियुक्तीवर गेले, म्हणजे सरकारी नोकरच राहिले. सामावून घेण्याचा विकल्प पुढे येईल तेव्हा सही करण्याआधी नियम ३७ चं २९ (क) हे पोटकलम नव्या रूपात वाचावं; गटावर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफमध्ये उलट मजकूर आहे.

"राज्य, एसटी, बँका, सगळ्यांना लागू"

वैधीकरणाचा हा भाग केंद्राच्या पेन्शनवरच्या खर्चापुरता आहे. महाराष्ट्र शासनाचे पेन्शनर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ खाली येतात. त्यांची महागाई वाढ वित्त विभागाच्या शासन निर्णयाने होते, सहसा केंद्रामागून काही महिन्यांनी. तो उशीर जुनाच आहे. बँकांची पेन्शन त्यांच्या १९९५ च्या विनियमांवर चालते. बीएसएनएलच्या सामावलेल्या पेन्शनरांचा डीआर सार्वजनिक उपक्रमांच्या वेगळ्या, औद्योगिक दराने दर तिमाहीला बदलतो, म्हणून त्यांनी केंद्राच्या दराशी तुलनाच करू नये. आणि एसटीसारख्या महामंडळांतल्या ईपीएस-९५ च्या (भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शन योजनेच्या) पेन्शनरांना महागाई दिलासा मुळात कधीच नव्हता. २०१४ पासून किमान १,००० रुपयांवर अडलेल्या त्या पेन्शनचा वित्त कायद्याशी काही संबंध नाही.